देवाक अर्धां सांगू नये

आपांना हळू बोलता येत नसे. हे मी कौतुकाने सांगतोय की रागाने, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. पेडण्याच्या उत्तरेला, तेरेखोल नदीकडे उतरत जाणाऱ्या आमच्या वाड्यावर त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक चिऱ्यांचा गडगा, बस्स. आठवडाभर पणजीच्या कचेरीत डोळे फोडून शनिवारी मी घरी यायचो, ते रविवारी जरा लोळत पडावं म्हणून. पण पहाटे आपा गोठ्यात शिरले आणि म्हशीला म्हणाले, "गो बाये, उठ," की म्हशीच्या आधी मी उठून बसायचो. आजाऱ्याच्या उशाशी बसूनही ते त्याच आवाजात विचारत, "कसां वाटता रे?" आजारी बिचारा घाईघाईने "बरां" म्हणून मोकळा व्हायचा. नाहीतर परत विचारतील!

उंच, हाडकुळे, कमरेला पंचा, आणि डाव्या कानावर देवाच्या अंगावरून उतरलेलं एखादं फूल. चहात उंडो, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, बुडवायचे तोही अर्धा चहा संपेपर्यंत, आणि तेवढ्या वेळात गावची सगळी हालहवाल गडग्यापलीकडून मला कळायची. मी विचारलेली नसताना.

हा आवाज देवाने उगाच दिलेला नाही, असं गाव मानायचं, कारण गाऱ्हाणं घालण्याचा मान आपांचा होता. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून गावाच्या वतीने मोठ्याने केलेली विनवणी. एकेक मागणं झालं की जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हा होकार आला नाही तर गाऱ्हाणं अपुरं राहतं, देवापर्यंत पोचत नाही. आणि आपांचं गाऱ्हाणं म्हणजे काय विचारता! पाऊस मागायचा तर कोणत्या मळ्यात कमी पडला, कोणाचा बांध फुटला, कोणाचं बी कुजलं, सगळं सांगितल्याशिवाय माणूस थांबत नसे. एकदा मी म्हटलं, "आपा, देवाला हे सगळं माहीत असतंच की." त्यांनी डोळे वटारले.

"देवाक अर्धां सांगू नये. अर्धां सांगलां तर तो अर्धांच करता."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. देवाला लावलेला हा नियम ते डॉक्टरला, कंडक्टरला, वाटेत भेटलेल्या कोणालाही लावायचे. माझ्या चुलतभावासाठी आम्ही डिचोलीकडे मुलगी बघायला निघालो होतो, तेव्हाची गोष्ट. बसमध्ये शेजारच्या माणसाने सहज विचारलं, खंय चल्लेत? झालं! मुलाची नोकरी, मुलाचं घर, आणि शेवटी मुलाच्या दम्यापर्यंत आपा येऊन पोचले. "पावसात तेच्या छातीत मांजर बोलता," हे तर ड्रायव्हरनेसुद्धा ऐकलं असेल. मागच्या बाकावर मुलीचा सख्खा मामा बसलेला होता. शिरगावच्या खाणीवर कामाला, घरी निघालेला. आम्ही पोहे खायला बसलो तेव्हा नकार आधीच तयार होता. परतीच्या वाटेवर मी आपांवर भडकलो, तर ते शांतपणे म्हणाले, "खरां तांच सांगलां. कोणाच्या कानार पडलां तर तेंतू माझो काय दोष?"

ही गोष्ट मी किती वर्षं रंगवून सांगत होतो. आता सांगवत नाही.

आपांना वासू नावाचा धाकटा भाऊ होता. पोर्तुगीज अमलाच्या शेवटच्या वर्षांत तो सीमेपलीकडे जाऊन बंदूक घेतलेल्या पोरांत सामील झाला. एकदा दोन साथीदारांना घेऊन तो गुपचूप गावात आला. गावाबाहेरच्या पोलीस चौकीवर हल्ला करून हत्यारं पळवायची, असा बेत. पण चौकीवाले ओहोळाच्या काठी काजूंच्या आड आधीच दबा धरून बसले होते. वासू तिथेच पडला, साथीदार कसेबसे निसटले. फिरंग्यांनी मयतसुद्धा आईच्या हाती दिलं नाही. मी तेव्हा म्हापशाला मामाकडे शिकायला होतो. सुट्टीत आलो तेव्हा गावाने फितूर शोधून काढलेला होता.

भिकाजी त्याचं नाव. चौकीवर नारळ आणि अंडी पोचवायचा. हल्ल्याच्या दिवशी संध्याकाळी वासूच्या यशासाठी देवळात गाऱ्हाणं झालं, तेव्हा भरवशाची सगळी माणसं हजर होती. भिकाजी तेवढा नव्हता. तो चौकीवर नारळ टाकायला गेला होता. आणखी पुरावा कशाला हवा? भिकाजी देवळाच्या पायरीवर डोकं आपटून म्हणत होता, "कौल लावा. देवाच्या अंगार फुलां लावा, उजवां पडता काय डावां तां बघा, आणि मगे माका मारा." कौलाला आपांनीच नकार दिला. भाऊ गेलेला माणूस. म्हणाले, "उगड्या गजालीक कौल कित्याक?"

मारलं नाही कोणी भिकाजीला. वाळीत टाकलं. काही वर्षांनी तो खंगून गेला तेव्हा खांदा द्यायला गावातला एक माणूस फिरकला नाही. लेक डिचोलीकडे सर्वणला दिली होती, तिच्या सासरची माणसं आली आणि त्यांनी त्याला पोचवला.

मागे राहिली त्याची बायको, रखमाकाकी. शिगम्यात आमच्या देवाची पालखी घरोघर जाते. प्रत्येक अंगणात थांबते, बाई भोयांच्या पायांवर पाणी घालते, देवाला ओवाळते, ओटी भरते. रखमाकाकीच्या घराशी आली की ढोल बंद व्हायचा. पालखी न थांबता, न वाजता पुढे निघून जायची. आणि ही बाई दार सताड उघडं टाकून, निरांजन पेटवून, अंगणात उभी असायची. दरवर्षी! मी तिच्याकडे बघायचं टाळायचो. आपा पालखीपुढे चालायचे, ते मान ताठ ठेवून सरळ समोर बघत जायचे.

मग ती भाषेची आणि राज्याची वर्षं आली. कोकणी की मराठी यावरून रस्त्यांवर झाडं तोडून टाकली जात होती, पाट्यांना डांबर फासलं जात होतं, एका ताटात जेवलेली माणसं वाट बदलून जात होती. आपा मराठीचे कट्टर. तिठ्यावर उभे राहून गर्जायचे, "राज्यभास मराठीच जावंक जाय! माका दुसरी भास कळणा!" हे सगळं कोणत्या भाषेत चाललंय, ते त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. पण त्या दिवसांत गंमत फार वेळ टिकत नसे. कोण आपला, कोण त्यांचा, हे मोजायची सवय गावाला लागली होती. आणि तशी सवय लागली की जुनी नावं पहिल्यांदा वर येतात.

गोवा घटक राज्य होणार हे नक्की झालं तेव्हा गावाने ठरवलं, वासूच्या नावाचा दगड बसवायचा. बेळगावकडचा कल्लाप्पा पाथरवट आमच्या भागात बांधकामांवर होता, त्याला काम दिलं. काळा, हातभर रुंदीचा दगड देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर उभा राहिला. वर वासूचं नाव कोरलं गेलं. खालचा अर्धा भाग आपांनी रिकामा ठेवायला लावला.

कल्लाप्पाने विचारलं, "खाली काय घालू ओ?"

"फितुराचां नाव येतलां," आपा म्हणाले. "सरकारी कागदार मिळूं दे. तोंडान सांगलेलां नको, पक्कां व्हयां."

इथे माझा संबंध आला. माझी नोकरी सरकारी दप्तरखान्यात, जुने पोर्तुगीज कागद वाचून त्यांचा गोषवारा लिहायची. त्याच सुमारास जुन्या पोलिसांचे इतकी वर्षं बंद असलेले गठ्ठे वाचायला मोकळे झाले होते. माणसं यायची, आपल्या गावचे कागद काढायला लावायची आणि वेगळीच तोंडं घेऊन परत जायची. एका वीराची सारी मर्दुमकी खोटी निघाली, तो हल्ल्याच्या वेळी सासुरवाडीला जेवत होता. जिला कोणी विचारत नव्हतं अशी एक म्हातारी मार खाऊनही शेवटपर्यंत बोलली नव्हती. संपलेली लढाई आमच्या टेबलावर रोज पुन्हा होत होती, आणि खरं सांगतो, मला त्या कपाटांची भीती वाटू लागली होती.

आपांनी दर रविवारी गडग्यावरून तगादा लावला. "सगुण, तू फिरंगी वाचतंस. तेचां नाव काड. म्हायत आसा, पण कागदार व्हयां."

त्या अर्ध्या रिकाम्या दगडाजवळून रखमाकाकी रोज वाळक्या पानांच्या पातेऱ्याचं ओझं घेऊन जायची. एका रविवारी तिने मला वाटेत थांबवलं. डोक्यावरचं ओझंही उतरवलं नाही.

"सगुण बाबा, खाली आमच्या घरातलां नाव घालतले, असां ऐकलंय."

मी दगडाकडे बघितलं.

"घालूंदेत. पण बापायचां नावय घाला म्हणान सांग. गावात दुसरो भिकाजी आसा, तेचेर आळ नको."

एवढं बोलून ती चालू लागली. त्या सोमवारी कचेरीत गेल्यागेल्या मी आमच्या चौकीचा गठ्ठा मागवला.

कागद सापडायला वेळ लागला नाही. चौकीच्या हवालदाराने वर पाठवलेला अहवाल होता. मी एकदा वाचला, मग उठून पाणी प्यायलो. शनिवारी गावी आलो तो असा की आपांनी माझं तोंड बघूनच ओळखलं.

"मिळालां!" ते ओरडले. त्या ओरडण्याने अर्धा वाडा बाहेर आला.

मी म्हटलं, "आपा, आत चला. आपण दोघंच वाचूया."

"कित्याक? फाल्यां सगळ्यांक बोलयतंय. गावाची गजाल गावासमोर वाच. आणि अर्धां सांगू नको."

रविवारी कलत्या उन्हात आपांच्या अंगणात माणसं जमली. हल्ल्याच्या संध्याकाळी गाऱ्हाण्याला देवळात असलेल्यांपैकी जे जिवंत होते, ते सगळे पुढे बसले होते. कल्लाप्पा छिन्नी-हातोडा घेऊनच आला होता. रखमाकाकीला अंगणात यायची मुभा नव्हती. ती गडग्याबाहेर वाटेवर उभी राहिली. मी नक्कल उघडली आणि मराठीत सांगत वाचायला लागलो.

"'चौकीचा शिपाई देवळामागच्या झरीवर पाणी भरत असता त्याने पुढील मजकूर आपल्या कानांनी ऐकला. या गावचे लोक देवाला अर्ज करतात. अर्ज तोंडी असतो, फार मोठ्याने करतात आणि तो पुष्कळ लांब असतो.'"

कोणीतरी फिसकन हसलं. आपाही जरा खूश झालेले दिसले.

"'हे महाराज, तू बारा वाड्यांचा राखणदार आहेस.'"

"व्हय म्हाराजा," मागून एक म्हातारा म्हणाला. तोंडाची सवय ती.

"'तुझी तीन लेकरं आज चंद्र बुडाल्यावर चौकीवर जात आहेत.'"

"व्हय म्हाराजा." आता चार-पाच आवाज आले.

"'ती ओहोळाच्या वाटेने जातील. वाटेत साप-किरडू आडवं आणू नको.'"

"व्हय म्हा..." अर्ध्यावर आवाज तुटले. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"'त्यांच्यापाशी दोन बंदुका आहेत. त्यातली एक अडकते. ती वेळेवर चालव.'"

या वेळी कोणी काही म्हणालं नाही. मला पुढे वाचवेना. तेवढ्यात आपा बोलले. कागद माझ्या हातात, आणि पुढचं वाक्य ते समोर कुठेतरी बघत बोलले.

"वासूक परत हाड. तेची आवय वाट बघता."

मी खाली बघितलं. कागदावर हेच होतं, 'वासूला परत आण. त्याची आई वाट बघते आहे.' आणि माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आपांचा आवाज मला कान देऊन ऐकावा लागला होता.

"भिकाजीचां नाव खंय आसा?" कोणीतरी विचारलं.

"शेवटी आहे," मी म्हटलं. "'नारळवाला संध्याकाळी येऊन गेला. त्याच्याकडे चौकशी केली, त्याला यातलं काहीही ठाऊक नाही.' एवढंच."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता! पंधरा-वीस माणसांनी देवळाचं दार ओढून घेतलं होतं, घंटासुद्धा वाजवली नव्हती, बायकांना कळू दिलं नव्हतं. आणि मग देवाला पुरतं कळावं म्हणून वाट, वेळ आणि बंदुका सगळं मोठ्याने सांगितलं होतं, आणि बाकीच्यांनी त्यावर होकार भरला होता. देवाला सांगितलं म्हणजे कोणाला तरी सांगितलं, हे इतक्या वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नसतं आलं.

"वासू म्हणालेलो," आपा पुटपुटले. "आपा, हळू. म्हणालेलो तो."

माणसं एकेक करून उठली. गडग्याबाहेर बघितलं, तर रखमाकाकी केव्हाच निघून गेली होती.

ज्यांना सरकारी कागद हवा होता, त्यांनाच दुसऱ्या दिवसापासून तो खोटा वाटू लागला. "फिरंग्यांचो कागद! खरो कशावरसून?" कोणी गोड बोलून सांगितलं, "सगुण, थंय होतो थंयच ठेव तो." एका सकाळी माझ्या उंबऱ्यासमोर करणीचा फोडलेला नारळ आणि हळद-कुंकवाची पिंजर पडलेली सापडली. बायकोने आठ दिवस पोरांना अंगणात जाऊ दिलं नाही. राग आला, पण भीतीही वाटली, कबूल करतो. भिकाजी निर्दोष म्हणायचं, तर त्या संध्याकाळी "व्हय" म्हणणारं प्रत्येक तोंड दोषी ठरत होतं, आणि ती तोंडं म्हणजेच गाव होतं.

आपा कल्लाप्पाकडे गेले. म्हणाले, "खाली माझां नाव घाल." कल्लाप्पा गडबडला. "तुमचं कशाला की ओ? तुम्ही मयताचे भाऊ." गावाने त्याच संध्याकाळी त्याची मजुरी चुकती करून त्याला वाटेला लावलं. दगडाचा खालचा भाग आजही कोरा आहे.

गोवा राज्य झालं, फटाके वाजले, भाषणं झाली. आपांच्या गोठ्यातून आवाज येईनासा झाला. म्हैस आपली आपण उठायची. रविवारी मला हवी तेवढी झोप मिळत होती, आणि मी पहाटेपासून जागा पडून असायचो. दसऱ्याला गाऱ्हाणं आपांच्या पुतण्याने उरकलं. आपा खांबाला टेकून बसून होते.

मग शिगमा आला. पालखी निघाली तेव्हा आपा नेहमीप्रमाणे पुढे येऊन चालू लागले. कोणी अडवलं नाही. घरं होत होत पालखी रखमाकाकीच्या घराशी आली आणि ढोलवाल्याचा हात सवयीने थांबला. ती होती, दरवर्षीसारखी, निरांजन घेऊन. मागे दार उघडं.

आपा वाटेत आडवे उभे राहिले. दोन्ही हात पसरले. भोई थबकले. आपा वळून तिच्या अंगणात शिरले. नाइलाजाने मागून पालखी आली, पालखीमागून आम्ही. त्यांनी देवाकडे तोंड करून हात जोडले. ओठ हलले. कोणालाच काही ऐकू आलं नाही.

"मोठ्यान सांगा, आपा." रखमाकाकीचा आवाज साधाच होता. "देवाक अर्धां सांगू नये."

आपांनी तिच्याकडे बघितलं. मग मान वर केली, आणि तो जुना आवाज आला. नदीपलीकडे गेला असेल.

"बा देवा म्हाराजा! भिकाजीन काय एक करूक नाय! माझो भाव माझ्या तोंडान मेलो. भिकाजी कौल मागत होतो, मी लावूक देऊक नाय. तुझी पालखी ह्या दारात मी थांबाक देऊक नाय. हेचो दोष ह्या घराक लावू नको. माका लाव रे म्हाराजा!"

आणि ते थांबले. आता होकार यायला हवा होता.

नाही आला. भोयांचे खांदे भरून आले होते, पालखी जराशी हलत होती. त्या संध्याकाळचे म्हातारे माझ्या समोरच उभे होते, एकाची नजर जमिनीत, एकाची माडाच्या शेंड्यावर. मी तोंड उघडणार एवढ्यात रखमाकाकी बोलली.

"व्हय म्हाराजा."

एकटीच. मग तिने भोयांच्या पायांवर पाणी घातलं, देवाला ओवाळलं, ओटी भरली. सगळं सावकाश, इतक्या वर्षांची तयारी असल्यासारखं. आपा तिच्यापासून हातभर अंतरावर हात जोडून होते. त्यांच्याकडे तिने बघितलं नाही. देवाला नमस्कार केला, निरांजन घेऊन आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

पालखी थांबत नव्हती तेव्हा ते दार कधी बंद नसायचं.

ढोल पुन्हा सुरू झाला, पालखी पुढच्या घराकडे वळली. वळणावर मी मागे बघितलं. आपा त्या बंद दारासमोर उभेच होते. कानावरचं फूल खाली पडलं होतं, ओठ हलत होते. काय सांगत होते ते मला ऐकू आलं नाही.